मग फुडं काय?

सदूआण्णांच्या शर्टाच्या खिशात माझे दोन फोटो आहेत. पासपोर्ट साइझचे. त्या फोटोंत माझे केस काळे आहेत आणि भरपूर आहेत, यावरून ते किती जुने असतील त्याचा अंदाज करावा. माझ्या बायकोच्या पर्समध्ये माझा फोटो नाही. मुलीच्या मोबाइलमध्ये मी आहे, पण तिच्या मैत्रिणींच्या मागे, अर्धा कापलेला. या माणसाच्या खिशात मात्र मी गेली नऊ वर्षं सबंधच्या सबंध आहे. एकटा नाही. आमच्या गल्लीतला केस कापणारा संतोष, दोन अंगणवाडी सेविका, एक एसटी कंडक्टर, कागलकडचा एक पोल्ट्रीवाला आणि कळंब्याच्या तुरुंगावरचा एक शिपाई असे आम्ही सगळे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत एकमेकांवर पडलेलो असतो. पिशवीत आमच्या सोबतीला डिंकाची कांडी, छोटा स्टेपलर, शाईचा पॅड आणि पांढऱ्या कागदाचे कापून ठेवलेले तुकडे असतात. हे तुकडे सहीसाठी. कुठं कोण सही द्यायला तयार होईल याचा नेम नसतो.

आम्ही त्या पिशवीत का आहोत, तर सदूआण्णांना आमचं शिक्षण पुढं न्यायचं आहे.

सदाशिव मगदूम, वय सदुसष्ट. राजारामपुरीत आमच्या इमारतीत ते बरोबर माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मी इथं राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं. एक सडपातळ, पांढऱ्या फुल शर्टातला माणूस दोन-दोन पायऱ्या टाकत खाली आला आणि काही न विचारता माझ्या लोखंडी कपाटाचं दुसरं टोक उचललं. पहिल्या मजल्याच्या वळणावर, कपाट खांद्यावर असताना, तो मला म्हणाला,

"शिक्षण?"

"बी.कॉम."

"कवा?"

"झाली पंधरा वर्षं."

"मग फुडं काय?"

कपाटाखाली वाकलेला माणूस याला काय उत्तर देणार. मी नुसता धापा टाकत राहिलो. त्यांनी ते होकार समजून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोटो मागायला आले.

आता यातली माझी अडचण सांगतो. मी नोकरीला आहे विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रात. ज्यांना रोज कॉलेजला येणं जमत नाही, नोकरी आहे, शेती आहे, पदरात मुलं आहेत, अशांनी घरी अभ्यास करून पदवी घ्यावी यासाठीचा हा विभाग. पुस्तकं घरपोच, रविवारी तास, वर्षाअखेर परीक्षा. हजारो लोकांचे प्रवेश माझ्या टेबलावरून गेले. मी स्वतः पाण्यात राहून कोरडा. मला रविवारी दुपारी झोप लागते आणि ती मला एम.कॉम.पेक्षा प्रिय आहे. हे मी आण्णांना अनेकदा सांगितलं. त्यावर ते म्हणतात, "झोपा की. कोन नगं म्हनतंय? एम.कॉम. झाल्यावर झोपा."

आण्णांची सगळी नोकरी दूध संघात गेली. पहाटे चारला घर सोडायचं आणि गावोगावच्या डेअऱ्या तपासत फिरायचं. दुधातलं फॅट मोजायचं. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट ते दुधावरूनच समजावून सांगतात. "दूध समद्यांचंच पांढरं दिसतंय, सायेब. मशिनीत घातल्याबिगर फॅट कळत न्हाय. परीक्षा म्हंजे मशीन. आता तुमी दिसाय गाईचं दिसताय, पर असशीला म्हशीचं. बगूया की एकदा घालून." मी सरकारी नोकर असल्यामुळे त्यांच्यासाठी 'सायेब' आहे. माझ्या साहेबांनाही ते सायेबच म्हणतात. विद्यापीठाच्या फाटकावरच्या रखवालदारालाही.

स्वतः ते नोकरीत असताना, चाळिशीनंतर, बाहेरून बी.ए. झाले. मग इतिहासात एम.ए., मग मराठीत, मग राज्यशास्त्रात. दारावरच्या पाटीवर मात्र नुसतं 'मगदूम'. पदव्यांबद्दल विचारलं तर म्हणतात, "त्ये व्हय? त्ये आपलं रस्ता दावायला. मी हुतोय तर तुमी का न्हाय, असं म्हनायला बरं पडतंय."

माणूस बसत नाही. हा त्यांचा दुसरा गुण. नऊ वर्षांत आमच्या सोफ्यावर ते टेकलेले नाहीत. चहा उभ्यानं घेतात, तोही अर्धा. राहिलेला अर्धा कपात ठेवून निघून जातात, कारण तेवढ्यात त्यांना कोणीतरी आठवतं. "अरेच्या, त्या पोल्ट्रीवाल्याचं सर्टिफिकेट," असं म्हणत ते जिन्यात असतात. त्यांची बायको, म्हणजे आमच्या सुशीलावहिनी, एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "लग्नात अंतरपाट धरल्याला तेवढाच येळ एका जागी उभं हुतं. त्यातबी भटजीला शिक्षन इचारलं."

एकदा ते सरळ कळंब्याच्या तुरुंगावर गेले. फाटकावरच्या शिपायानं विचारलं, कुणाला भेटायचंय? आण्णा म्हणाले, "कुनीबी चालंल. बारावी झाल्याला असावा." शिपायाला काही समजेना. आण्णांनी समजावलं की आतल्या लोकांकडे वेळच वेळ आहे, रजा काढायचा प्रश्न नाही, हजेरी तर शंभर टक्के. शिपायानं सांगितलं की आतल्यांच्या शिक्षणाची सोय तुरुंगानंच केलेली आहे, तुम्ही काळजी करू नका. आण्णा क्षणभर हिरमुसले. मग त्यांनी शिपायाकडे पाहिलं. तो शिपाई आता समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

अर्ज ऑनलाइन झाले तेव्हा मला वाटलं, आता सुटलो. आण्णांचं मोबाइलशी जमणार नाही. आठ दिवसांत जमलं. पण मोबाइल आला तसा ओटीपी आला आणि आण्णांच्या घाईला नवंच निमित्त मिळालं. अर्ज इथं राजारामपुरीत भरायचा आणि ओटीपी जायचा तिकडे कुठल्या तरी गावात, धार काढत बसलेल्या बाईच्या फोनवर. मंगल नावाची एक अंगणवाडी सेविका आहे. तिला आण्णांनी ऐन पुतणीच्या लग्नात फोन लावला. "मंगल, आकडा आलाय बग, सांग बिगीबिगी, धा मिंटात मरतोय त्यो." मंगलच्या जावेनं फोन हिसकावला. आकडा कुणाला सांगू नये, पैसे जातात, हे तिनं टीव्हीवर ऐकलं होतं. जावेचा भाऊ पोलीस, तोही लग्नाला आलेला. त्यानं फोन घेऊन गोड आवाजात विचारलं, "पावणं, कुठं असता तुमी?" आण्णांनी पत्ता दिला. नुसता दिला नाही, कुठल्या बेकरीवरून वळायचं तेही सांगितलं आणि येताना मंगलचा एक फोटो आणायला बजावलं.

पोलीस आला. आण्णांच्या पिशवीतून चाळीसभर माणसांचे फोटो, तितक्याच आधार कार्डांच्या झेरॉक्स आणि शाईचा पॅड निघाला. हे पाहून कुणाचाही समज काय व्हावा? मी माझं ओळखपत्र दाखवलं, माझ्या बायकोनं चहा ठेवला, वहिनींनी तीन एम.ए.ची सर्टिफिकेटं आणून टेबलावर पसरली. अखेर त्याची खात्री पटली. तो कप हातात घेऊन जरा सैलावतो तोच आण्णा त्याच्याजवळ सरकले आणि म्हणाले, "तुमचं शिक्षन?" पोलीस चहा टाकून गेल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

याच मंगलची पुढं परीक्षा आली. एम.ए. पहिलं वर्ष, पेपर दुपारचे, केंद्र कोल्हापुरात. तिची अडचण म्हैस. म्हैस तिच्याशिवाय कुणाला धार देत नाही, दुसऱ्याचा हात लागला की पान्हा चोरते. मंगलनं फोन करून सांगितलं, आण्णा, औंदा राहू दे. आण्णा म्हणाले, "म्हशीचं माझ्याकडं लागलं." पुढचे चार दिवस हा सदुसष्ट वर्षांचा, मिशीवाला, तीन एम.ए. केलेला माणूस रोज संध्याकाळी तिच्या गावात जाऊन, मंगलचं जुनं लुगडं अंगावर पांघरून, डोक्यावर पदर घेऊन धार काढत होता. म्हशीला वास मंगलचा आला पाहिजे, बाकी तिचं काही म्हणणं नसतं. गावातली पोरं बघायला जमली. आण्णांनी पदराआडून पोरांना विचारलं, "कितवीला रं?"

मी हे हसत हसत ऑफिसात सांगितलं. सांगताना मात्र एक गोष्ट लक्षात आली, जी नऊ वर्षांत आली नव्हती. त्या पिशवीत बायकांचेच फोटो जास्त होते. बी.ए. होऊन लग्न झालेल्या आणि तिथंच थांबलेल्या. अशी बाई पहिल्यांदा भेटली की आण्णांचा आवाज उतरायचा आणि चेष्टा बंद व्हायची.

या वर्षी प्रवेशाची मुदत संपत आली तेव्हा माझ्याकडे नवं काम आलं. ज्यांनी अर्ज अर्धवट सोडलेत अशांना फोन करून आठवण द्यायची. शेवटच्या दिवशी सकाळी मी यादी घेऊन बसलो होतो. खिडकीसमोर गर्दी, आणि गर्दीच्या सगळ्यात पुढे अर्थातच सदूआण्णा, कुणाच्या तरी नावातल्या बदलाचं प्रतिज्ञापत्र घेऊन. एका हातानं त्यांना थांबा म्हणत मी ऑफिसच्या फोनवरून यादीतला पुढचा नंबर लावला. शालन चौगले, मुरगूड. एम.ए. इतिहास. सगळी माहिती भरलेली, फोटो आणि सही बाकी.

आण्णांच्या खिशात फोन वाजला.

त्यांनी तो काढला, कानाला लावला. आम्ही दोघं दोन फुटांवर. मी कामाच्या सवयीनं बोलून गेलो, "नमस्कार, शालन चौगले बोलताय का?" आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग नजर दुसरीकडे वळवून फोनमध्ये म्हणाले, "त्या भायेर गेल्यात," आणि फोन ठेवला.

मागच्या माणसाला हसू फुटलं. मीही हसणार होतो. पण आण्णा प्रतिज्ञापत्र तिथंच खिडकीत ठेवून गर्दीतून बाहेर पडले, आणि ते कुणाचं काम अर्धवट टाकून गेले असं आजवर झालं नव्हतं. मी गेल्या वर्षीची यादी उघडली. शालन चौगले, फोटो आणि सही बाकी. त्याच्या आधीच्या वर्षीची उघडली. तेच. ऑनलाइन अर्ज सुरू झाल्यापासून दर वर्षी हे नाव होतं आणि दर वर्षी ते एकाच जागी येऊन थांबलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत ते मला चहाच्या गाड्यावर सापडले. उभेच. हातातला चहा गार झालेला.

"आण्णा, या शालन चौगले कोण?"

"बहीण. धाकली."

"मग घ्या की सही. मुरगूड काय परदेशात आहे?"

त्यांनी कप गाड्यावर ठेवला. मग म्हणाले, "सांगतो. पर हसू नका." आजवर मी त्यांना तोंडावर हसलो होतो, पाठीमागं हसलो होतो, त्यांनी कधी हरकत घेतली नव्हती.

"शालन बी.ए. झाली, तवा आमच्या गावातली पयली पोरगी बी.ए. झाल्याली. हिस्ट्री घिऊन. एम.ए.ला हितं विद्यापीठात यायचं म्हनून हटून बसली. आबा, म्हंजे आमचं वडील, कसंबसं व्हय म्हनलं. फॉर्म भराय मला धाडलं. शेवटची तारीक. फॉर्म चार घड्या करून खिशात, मार्कलिस्ट पिशवीत. यस्टीतनं उतरलो तर स्टँडवर आमच्या तालमीतली पोरं. त्या दिशी कुस्त्यांचं मैदान हुतं. आमचा गडी मोठ्या पैलवानासंगं लढनार हुता. म्हनलं, एवढी एक कुस्ती बगावी आनि जावं."

"मग?"

"निकालीच निघंना झाली की कुस्ती. तास गेला, दीड तास गेला. मग आमच्या गड्यानं घिस्सा डाव मारून चितपट केला. मीच खांद्यावर घेटला त्याला. गुलालानं नुसता लालभडक झालतो. हितं पोचलो तर खिडकी बंद." त्यांनी विद्यापीठाच्या इमारतीकडे हात केला. "घरी गेलो. ती दारातच उभी. म्हनाली, भरला? म्या म्हनलं, जागा भरल्यात. खोटं बोललो. ती आत गेली आनि भाकरी थापाय बसली. तुळशीचं लगीन झालं आनि मागनं तिचं झालं."

"आणि तो फॉर्म?"

"दुसऱ्या दिशी बगतोय तर शर्ट वाळत घातल्याला. खिसा रिकामा. मैदानात पडला असंल. मार्कलिस्ट माझ्याकडंच ऱ्हायली. तिनं मागितली न्हाय, म्या दिली न्हाय. त्याच्यावरनं दरसाल तिचा फॉर्म भरतो. सहीपर्यंत येतो. सही मागायची म्हंजे आदी त्ये सांगाय पायजे."

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर संतापही आला. अख्ख्या तालुक्याला या माणसानं पिडलं होतं. नऊ वर्षं माझा रविवार धोक्यात घातला होता. आणि जिच्यासाठी हे सगळं, तिच्या दारात मात्र त्याची जीभ उचलत नव्हती. मी म्हटलं, "आण्णा, संध्याकाळी सहाला अर्ज बंद होतात. मी हाफ डे टाकतो. गाडी काढा."

"औंदा ऱ्हाऊ दे. फुडच्या वर्सी."

"तुम्ही सदुसष्ट, त्या चौसष्ट. पुढं काय, ते तुम्हीच सांगा." हे मी जरा जोरात बोललो असणार, कारण चहावाल्यानं वर पाहिलं.

कोल्हापूर ते मुरगूड हा रस्ता आण्णांच्या पायाखालचा. एरवी त्यांच्या स्कूटरवर मागे बसणं म्हणजे जीव मुठीत धरणं. त्या दिवशी स्कूटर बैलगाडीसारखी चालली होती. आधी हवा बघितली. हवा ठीक होती. मग रस घेतला. मग एका डेअरीसमोर थांबून तिथल्या सेक्रेटरीला त्याच्या सुनेच्या निकालाबद्दल विचारलं, तो लागून तीन महिने झाले होते. मुरगुडात शिरल्यावर बहिणीकडे रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून केळी घ्यायला उतरले आणि एक डझन केळी पंधरा मिनिटं निवडली. सगळ्यांना पुढं ढकलणारा माणूस पुढं जायला भीत होता. मी मागं उभा राहून घड्याळ बघत होतो.

शालनताई गोठ्यात म्हशींना वैरण टाकत होत्या. आण्णांसारख्याच सडपातळ, चष्मा, पदर कमरेला खोचलेला.

"दादा? आज कसं? भाऊबीज लांब हाय की अजून."

"सहज आलो. ह्ये आमचं सायेब. विद्यापीठातलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आण्णांच्या खिशातल्या पिशवीकडे. हात धुऊन आल्या आणि पुढच्या उघड्या सोप्यात सतरंजी टाकली. मी बसलो. आण्णा खांबाला धरून उभे राहिले आणि बोलायला लागले. अनोळखी माणसाशी बोलावं तसं. आता वयाची अट नसते, पुस्तकं घरी येतात, तास फक्त रविवारी, म्हातारी माणसंही असतात, एक बाई तर नातवाला घेऊन यायच्या. शालनताई मान हलवत ऐकत होत्या. सांगण्यासारखं सगळं संपलं. केळ्यांची पिशवी अजून आण्णांच्या हातातच होती.

"शालन, त्या दिशी मी..."

"ठावं हाय मला."

शालनताई सतरंजीची सुरकुती काढत राहिल्या.

"गुलालात न्हाऊन आलास आनि जागा भरल्यात म्हनालास. मला काय दिसत न्हवतं व्हय? शर्ट मीच धुतला, दादा. फॉर्म खिशातच हुता."

"कुठं गेला मग त्यो?"

"चुलीत घातला. आबांच्या हातात गावला असता तर जोड्यानं हानला असता तुला त्यांनी."

गोठ्यात म्हशीनं गव्हाणीला शिंग घासलं. मला वाटलं, आपण उठून बाहेर जावं. पण मोबाइल माझ्या हातात होता आणि साडेचार वाजले होते.

शालनताई म्हणाल्या, "कुस्तीचा राग न्हाय आला. पोरगा हुतास, गेलास. फुडच्या साली परत भरता आला असता की फॉर्म. मी वाट बगिटली. लगीन ठरलं तवाबी वाटलं, दादा बोलंल आता. दरसाल ओवाळताना तुझ्या तोंडाकडं बगती, आज सांगतोय का म्हनून. तू पाटावरबी असा उकिडवा बसतोस, आनि ओवाळून झालं की पळतोस." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "आमच्या डेअरीवर पोस्टर लावलंस. माझ्या जावेच्या पोरीला बसवलीस परीक्षेला. समद्या मुलखाला इचारत फिरलास, मग फुडं काय म्हनून. मला एकदा इचारायचं हुतंस."

आण्णांचे ओठ हलले. जे वाक्य मी कपाट खांद्यावर असताना ऐकलं होतं आणि नंतर नऊ वर्षं ऐकत आलो होतो, ते त्यांच्या तोंडून निघेना. निघालं तेव्हा जेमतेम ऐकू आलं.

"शालन, मग फुडं काय?"

"बस आदी खाली," त्या म्हणाल्या. "चा टाकती."

आणि सदूआण्णा बसले. खांबाला पाठ लावून, पाय लांब सोडून, थकलेला माणूस बसतो तसे. शालनताई आत गेल्यावर त्यांनी केळी बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी आढ्याकडे पाहत राहिलो.

पाच वाजून गेले तेव्हा आम्ही फोटो काढला, अंगणात, पांढऱ्या धोतराचा पडदा करून. धोतर मी धरलं. पिशवीतला कागदाचा तुकडा आण्णांनी स्वतः काढून दिला. शालनताईंनी सही केली आणि ती लांब धरून बघितली. "डेअरीच्या रजिस्टराबिगर सही करून किती वर्सं झाली," असं काहीतरी म्हणाल्या. अर्ज पाठवायचं बटण आण्णांनी दाबावं म्हणून मी मोबाइल त्यांच्यापुढं केला. त्यांना अक्षरं दिसत नव्हती. मग शालनताईंनीच दाबलं, आणि अर्ज मिळाल्याचा मेसेज आण्णांच्या खिशात वाजला.

आण्णांनी चहा पूर्ण प्यायला. कप खाली ठेवला आणि तरीही उठले नाहीत.

"तास रविवारचं म्हनलास न्हवं?" शालनताई म्हशींकडे बघत म्हणाल्या. "सकाळची धार काढून यीन मी. सांजच्याला काय करायचं? ही थोरली माझ्याबिगर कुनाला हात लावू देत न्हाय."

"मी हाय की," आण्णा म्हणाले. "तुझं एक जुनं लुगडं तेवढं काढून ठेव."